ओम्नीची चोरलेली किल्ली निकामी करून देणारे उद्यमनगरातले मामा

रविवारी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात मेथीची जुडी बघत होते, तेवढ्यात कुणीतरी खांद्यावरची पर्स खालून ब्लेडनं कापली. पैसे फार नव्हते. पण आत आमच्या ओम्नीची किल्ली होती, आरसी बुकाची झेरॉक्स होती आणि बिलबुक होतं. बिलबुकाच्या प्रत्येक पानावर घरचा पत्ता छापलाय. किल्ली कुठल्या गाडीची आणि ती गाडी रात्री कुठं उभी असते, दोन्ही चोराला आयतं मिळालं.

आमचा धंदा चपलांचा. सुभाषनगरातल्या कारागिरांकडून माल उचलायचा आणि दुकानांत पोचवायचा. गाडीत कधी कधी दीडशे-दोनशे जोड असतात. चपलांची चामडी वेणी घालणाऱ्या बायकांची आठवड्याची मजुरी त्यात अडकलेली असते. गाडी गेली तर त्यांना काय तोंड दाखवायचं, हेच डोक्यात फिरत होतं. त्या रात्री शेजारच्या पोरानं बॅटरीची वायर काढून ठेवली आणि माझे सासरे उशी-घोंगडं घेऊन गाडीतच झोपले. त्यांचं वय बहात्तर.

सोमवारी आधी एका किल्लीवाल्याकडं गेले. "घरात दुसरी किल्ली आहे ना? तिच्यावरून पाडून देतो, पाच मिनिटांत." मी विचारलं, "मग चोराकडची चालायची बंद होणार का?" तर म्हणाला, "ती कशी बंद होईल?" एका गॅरेजमध्ये सांगितलं की पूर्ण लॉकसेट मागवावा लागेल, कधी येईल ते सांगता येत नाही. तोवर सासऱ्यांनी रोज गाडीत झोपायचं का?

एका लेथवाल्या ओळखीच्यानं शिवाजी उद्यमनगरातल्या या मामांचं नाव सुचवलं. दुकानाला पाटी नाही. पत्र्याचं शेड, आत एक व्हाइस, एक किल्ली कापायचं मशीन आणि भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या. पेटी उघडायच्या आधी त्यांनी आरसी मागितली, माझं लायसन बघितलं आणि पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत वाचली. "ताई, राग मानू नका. कुणीही येऊन गाडी माझीच म्हणतंय." राग कसला, उलट तिथंच माझा जीव भांड्यात पडला.

तक्रारीवर त्यांनी बोट ठेवलं. ठाण्यात मी घाईत "किल्ली गहाळ" असं लिहिलं होतं. "चोरीला गेली तर चोरीच लिहून घ्या. उद्या गाडी गेलीच तर विमावाले दोन्ही किल्ल्या मागतात. एकच दिली तर प्रश्न विचारत बसतात." त्याच दुपारी जाऊन तक्रार दुरुस्त करून घेतली आणि विमा कंपनीलाही लेखी कळवलं. हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामा आमच्या दारात आले. नऊची वेळ दिली होती, आले अकराला, फोनही केला नाही. एवढं सोडलं तर बोट ठेवायला जागा नाही.

दाराचं आतलं पॅनेल काढलं, मागचा प्लॅस्टिकचा कागद न फाडता बाजूला केला, यू आकाराची क्लिप सरकवली आणि कुलूप हातात आलं. स्टिअरिंगखालच्या कुलपाला जास्त वेळ लागला, कारण त्याच्या बोल्टांची डोकी कंपनीतच मुद्दाम तोडलेली असतात. बारीक छिन्नीनं एकेक टोचा मारत त्यांनी ते फिरवून काढले.

मग पांढऱ्या फडक्यावर कुलूप उघडलं. आत पितळेच्या नखाएवढ्या पातळ पट्ट्या, प्रत्येकीखाली केसासारखी स्प्रिंग. प्रत्येक पट्टीच्या खिडकीची उंची वेगळी. किल्लीचे दाते त्या सगळ्यांना एका रेषेत आणतात, तेव्हाच कुलूप फिरतं. मामांनी काही पट्ट्या जागा बदलून बसवल्या, काही स्वतःच्या डबीतल्या घातल्या. चिमट्यानं स्प्रिंग ठेवताना त्यांनी श्वाससुद्धा रोखला होता. त्या नव्या क्रमाला जुळेल अशी कोरी किल्ली कापली आणि कानशीनं दोन-दोन घासे मारून बसवली. दारांना आणि मागच्या झाकणालाही तोच क्रम. तेलाऐवजी ग्रॅफाइटची पूड फुंकली, कारण तेलाला धूळ चिकटते.

शेवटी मला म्हणाले, "आता तुमची घरातली जुनी किल्ली आणा." ती म्हणजे चोराकडच्या किल्लीची जुळी. मी स्वतः लावून बघितली. आत गेली, पण जागची हलली नाही. चालकाचं दार, पलीकडचं दार, मागचं झाकण, इग्निशन, सगळीकडं तेच. सासरे शेजारी उभे होते. त्यांनीही घेऊन एकदा जोर लावला आणि मग घोंगडं घडी करायला आत गेले.

सगळ्याला पावणेतीन तास लागले. दोन नव्या किल्ल्यांसकट २,६०० रुपये झाले. बिलावर गाडीचा नंबर आणि केलेलं काम मी न सांगता लिहून दिलं. पेट्रोलच्या झाकणाची किल्ली आमची वेगळीच होती आणि ती घरात होती, म्हणून त्याला उगाच हात लावला नाही. सरकत्या दाराचं कुलूप मात्र अजून थोडं जड लागतंय. त्याची रॉडच वाकलीय, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या आठवड्यात बघतो म्हणालेत.

तुमच्या किल्लीत चिप असेल तर आधी विचारून घ्या. तसल्या गाडीत कुलूप बदलून भागत नाही, चोरलेली किल्ली गाडीच्या मेमरीतूनही पुसावी लागते. त्याचं मशीन मामांकडं नाही आणि ते तसं सरळ सांगतात.

जुनी किल्ली फेकू नका, हेही त्यांनीच बजावलं. विम्यासाठी ती लागू शकते. मी ती बिल आणि तक्रारीच्या प्रतीसोबत एका पाकिटात घालून कपाटात ठेवलीय. बिलबुक नवीन छापायला टाकलंय, त्यावर पत्ता फक्त दुकानाचा.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो दोन तास वाट बघायला लावली त्याचा.