नोटेशन छापायला लिनक्सवर कोणता प्रिंटर? ब्रदर एचएल-एल2321डी

वसईतल्या आमच्या कॉयरसाठी, म्हणजे चर्चच्या गायकवृंदासाठी, मी स्टाफ नोटेशन (स्टाफ म्हणजे पाच आडव्या रेघांची पट्टी, तिच्यावर सूर लिहितात) लिहिते. चार आवाज, खाली देवनागरीत गीताचे शब्द, आणि ऑर्गनवाल्यासाठी वेगळी पानं. कॉम्प्युटरवर डेबियन हे लिनक्स आहे, लिहिणं लिलीपाँड या नोटेशनच्या मुक्त प्रोग्रॅममध्ये. दुकानात प्रिंटर बघायला गेलं की फोटो किती छान येतात तेच ऐकवतात. नोटेशनला हव्यात फक्त पाच बारीक रेघा, सरळ आणि सारख्या जाडीच्या.

लिलीपाँडचा नेहमीचा स्टाफ सुमारे 7 मिलिमीटर उंच असतो आणि त्यातली एकेक रेघ जेमतेम 0.18 मिलिमीटर जाड. 300 डीपीआयवर, म्हणजे एका इंचात 300 ठिपके असताना, एवढ्यात दोनच ठिपके मावतात. मग एक रेघ दोन ठिपक्यांची, शेजारची तीन ठिपक्यांची, असं होतं आणि स्टाफ डोळ्यांना खुपतो. 600 डीपीआयला चार ठिपके मिळतात, तिथे एखाद्या ठिपक्याचा फरक कळतही नाही. म्हणून 600च्या खाली जाऊ नका.

दुसरं म्हणजे घाम. गुड फ्रायडेचा विधी लांबलचक, महिना बहुधा एप्रिलचा, चर्चच्या माडीवर वारा नाही. इंकजेटची साधी डाय शाई ओल्या बोटाखाली पसरते. लेझरचा टोनर उष्णतेने कागदावर वितळून बसतो, त्याला घामाचं काही वाटत नाही. माझ्यासाठी निवड इथेच झाली.

मी घेतलेला ब्रदर एचएल-एल2321डी काळा-पांढरा लेझर आहे आणि पानाच्या दोन्ही बाजू आपोआप छापतो. वायफाय नाही, फक्त यूएसबी. कंपनी लिनक्ससाठी ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) देते, पण मी वापरते तो ‘बीआरलेझर’, हा मुक्त ड्रायव्हर डेबियनच्या भांडारातच मिळतो. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर जोडायचा असेल तरी हाच बरा, कारण कंपनीचा ड्रायव्हर इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी बांधलेला आहे आणि पायमध्ये तो प्रोसेसर नसतो. एचपीच्या काही लेझर मॉडेलांना एचपीलिप या त्यांच्या लिनक्स ड्रायव्हरसोबत एक बंद, म्हणजे कोड उघड नसलेलं, प्लगइनही घालावं लागतं. मला ते नको होतं.

छापण्याआधी दोन गोष्टी बघाच. ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून 100 टक्क्यांवर छापा, नाहीतर स्टाफ आक्रसतो आणि आधीच बारीक असलेल्या काना-मात्रा आणखी बारीक होतात. आणि टोनर वाचवण्याची सोय नोटेशनसाठी कधीच वापरू नका. भरीव नोटा करड्या होतात, रेघा तुटक दिसतात. मागच्या ओळीतल्या बास गाणाऱ्या काकांना चष्मा लावूनही ते वाचता येत नाही, आणि त्यांनी का म्हणून डोळे ताणावेत?

कागद 100 जीएसएमचा (चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाचा) घ्या. झेरॉक्सच्या पातळ कागदावर मागच्या पानाचे स्टाफ पुढे दिसतात, वरून दिवा असेल तर जास्तच. पावसाळ्यात वसईची हवा कागदात शिरते, कडा वळतात, कागद अडकतो; उघडलेलं रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर टीएन-2365 टोनर कंपनीच्या मोजणीने 2,600 पानांचा आणि ड्रम (टोनर कागदावर उतरवणारा रूळ) वेगळा, 12,000 पानांचा. सोबत येणारा टोनर मात्र लहान असू शकतो, मग तो लवकर संपतो. नाताळच्या तालमींआधी दुसरा आणून ठेवलेला बरा.

खरी उणीव एकच: ए3 नाही. ऑर्गनला चार पानांची सलग घडी लागते, म्हणजे मध्ये पानं कमी वेळा उलटावी लागतात. त्यासाठी मी पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जाते. ऑर्गन किंवा पियानोचीच पानं जास्त छापत असाल तर हा घेऊ नका, ए3चा प्रिंटर बघा, आणि त्याच्या खोक्यावर एअरप्रिंट (ड्रायव्हरशिवाय छापण्याची अ‍ॅपलची पद्धत) लिहिलंय का ते तपासा. तसा प्रिंटर आजच्या लिनक्सवर बहुतेक वेळा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो. कप्स म्हणजे लिनक्सची छपाई सांभाळणारी प्रणाली; तिच्या 3 क्रमांकाच्या आवृत्तीत जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर काढून टाकायचं ठरलं आहे, त्यामुळे पुढची दहा वर्षं टिकवायचा असेल तर तोच रस्ता धरा.