क्लासिक 500 वर फ्युएल कंट्रोलर : नऊ महिन्यांनंतर

माझी रॉयल एनफील्ड क्लासिक 500 आहे 2013 ची. 499 सीसी, एकच भलं मोठं सिलिंडर, इंजेक्शनची. पंपावर ई20 (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) सर्रास मिळायला लागलं आणि तिची कुरकुर सुरू झाली. अडीच-तीन हजार आरपीएमला गचके, आणि कागलच्या पुढे हायवेला थ्रॉटल पूर्ण पिळला की इंजिन तापून कोरडं वाजायचं. साध्या पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, ई20 ला साधारण साडेतेरा पट. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त पाहिजे, आणि 2013 च्या कॉम्प्युटरला हे कुणी सांगितलेलंच नाही.

म्हणून खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पिगीबॅक कंट्रोलर बसवला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा, इंजेक्टर (इंधनाचा फवारा सोडणारा भाग) आणि मूळ कॉम्प्युटर यांच्या मध्ये बसतो. कपलर मूळचेच, वायर कापायची नाही, अर्ध्या तासाचं काम. लॅपटॉपवर चौकटी दिसतात : आडवा थ्रॉटल, उभा आरपीएम, प्रत्येक घरात इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ किती टक्के वाढवायचा तो आकडा.

पहिला महिना मी कानावर ट्यून केलं. सगळीकडे आठ-आठ टक्के टाकले, गाडी मऊ वाजायला लागली, मी खूश. मग पीयूसीला गेलो. आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड 4 टक्क्यांच्या पुढे, मर्यादा 3.5. नापास! केंद्रावरचा पोरगा माझ्याकडे असा बघत होता की जणू मी रॉकेल भरून आणलंय.

मग शहाणपण सुचलं आणि वाइडबँड मीटर घेतला. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावरून हवा-इंधनाचं प्रमाण दाखवतो तो. कोल्हापुरातल्या उद्यमनगरातल्या टर्नरकडून इंजिनातून धूर नेणाऱ्या बेंड पाइपला सेन्सरसाठी एम18 चं (18 मिमीचं) नट वेल्ड करून घेतलं, तेही थोडं वरच्या अंगाला तिरकं, नाहीतर पाइपात साचलेलं पाणी सेन्सरवर येतं. मीटरने पहिल्याच दिवशी लाज काढली. आयडलला आकडा 16 च्या वर नाचत होता, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. मिस्त्रींनी इनटेकच्या रबरावर कार्ब क्लीनरचा फवारा मारला, तसा इंजिनाचा आवाज बदलला. ‘‘पाव्हणं, रबर तडकलंय. तुमचा डबा काय करणार हितं?’’ रबर बदललं आणि निम्मे गचके त्याच संध्याकाळी गेले. ज्यासाठी कंट्रोलर घेतला, त्यातलं अर्धं काम त्या रबराने केलं.

आता एक गोष्ट, जी समजायला मला दोन महिने लागले. मीटरवर 14.7 दिसतं म्हणून ई20 साठी मी साडेतेरा गाठायला बघत होतो. चूक. सेन्सर मोजतो ते लॅम्डा, म्हणजे हवा गरजेच्या किती पट आहे ते (बरोबर जुळली की 1), आणि डिस्प्ले त्याला सरळ 14.7 ने गुणतो. टाकीत ई20 असो की साधं पेट्रोल, हवा-इंधन बरोबर जुळले की तिथे 14.7 च दिसणार. मी उगाचच रिच करत, म्हणजे इंधन वाढवत बसलो होतो. अ‍ॅव्हरेज तीसवरून पंचविसावर आलं ते त्यामुळेच.

दुसरं म्हणजे, साठ-सत्तरला निवांत चालवताना कंट्रोलरचं काही चालत नाही. तुम्ही इंधन वाढवलं की मूळ ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि कॉम्प्युटर तेवढंच कमी करतो. मीटरकडे बघत राहिलात तर काही सेकंदांत आकडा परत जागेवर आलेला दिसतो. सेन्सरला चकवणारा प्लग मिळतो, पण तो मी घेतला नाही. साठ-सत्तरचा भाग मूळ कॉम्प्युटरवरच सोडला, आयडलच्या घरात शून्य ठेवलं, आणि फक्त अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे चार ते सात टक्के दिले. पूर्ण थ्रॉटलला मीटर आता 12.8 च्या आसपास असतो. आजऱ्यापुढे चढाला चौथ्या गिअरमध्ये गाडी ओढते, धापा टाकत नाही. अ‍ॅव्हरेज अठ्ठावीस. पीयूसी पास.

जूनमध्ये मात्र आंबोलीच्या पावसात गाडी बंद पडली. धबधब्याजवळ, गर्दीत, मागे एसटी हॉर्न देत होती. कंट्रोलरचा दोष नव्हता, त्याची अर्थिंगची वायर मीच फ्रेमच्या रंग असलेल्या बोल्टला आवळली होती. डबा काढला, मूळ कपलर एकमेकांत घातले, दुसऱ्या किकला चालू. घरी येऊन अर्थिंग थेट बॅटरीच्या निगेटिव्हला दिलं. नंतर तक्रार नाही.

ज्यांची गाडी जुनी आहे त्यांना एवढंच : मीटर आधी घ्या, डबा नंतर, आणि मधल्या काळात रबर, स्पार्क प्लग, एअर फिल्टर बघून घ्या. माझा सेन्सर मी मागच्या आठवड्यात काढून भोकाला बूच बसवलं, कारण वीज न देता तो पाइपात ठेवला तर काजळीने खराब होतो. सध्या तो एका मित्राच्या थंडरबर्ड 500 वर आहे. त्याचाही आयडल 16 दाखवतोय.