चितारआळीतली किड्यांची पेटी: एका पावसाळ्यानंतर

सावंतवाडीच्या चितारआळीत लोक लाकडी आंबे, केळी, भातुकली घ्यायला जातात. मी गेले शेणकिड्यांसाठी पेट्या करून घ्यायला. दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिरांनी माप लिहून घेतलं, मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "अगो बाय, शेणातल्या किड्यांका काचेची पेटी?"

वेंगुर्ल्याच्या आसपास गुरांच्या शेणात कोणकोणते भुंगे येतात याची मी नोंद ठेवते. पहिला पाऊस पडला की बादली, खुरपं आणि चाळण घेऊन कातळावर. घरी आल्यावर धुणं, वाळवणं, टाचणीवर लावणं. भुंग्याला टाचणी उजव्या पंखावरणातून (वरच्या कडक पंखातून) घालतात, म्हणजे मधली रेघ आणि डावी बाजू ओळखीसाठी शाबूत राहते. इथवर सगळं जमतं. घोडं अडतं ते आषाढात. चपलांवर बूर चढते तिथे भुंग्याच्या मिशांची काय कथा! आधी मी एका ठिकाणाहून तयार पेट्या मागवल्या होत्या. दाबलेल्या भुश्याच्या फळीच्या. पहिल्याच पावसात फुगल्या, झाकण बसेना, फटीतून मुंग्या शिरल्या आणि दोन वर्षांचे भुंगे धडाविना डोकी होऊन पडले.

चितारआळीत खेळण्यांना पांगारा वापरायचा जुना रिवाज आहे. हलका, कोरायला मऊ. पण त्याला कीड लवकर लागते. किडे ठेवायच्या पेटीलाच कीड लागली तर मला हसतील सगळे. म्हणून शिवण मागितली. ती वाकत-पिळत नाही. दीड फूट बाय एक फूट, आतून खोली अडीच इंच (टाचणी जवळजवळ ३८ मिलिमीटर असते, खाली फोममध्ये रुतवायची), वर काच, आणि झाकणाला चारी बाजूंनी खाच. एका पेटीचे १६०० रुपये पडले. स्वस्त नाही.

पण खाच बघा एकदा. झाकण लावताना आतली हवा 'फुस्स' करून बाहेर येते. जुन्या पेटीत ओल शोषणारं निळं सिलिका जेल नऊ दिवसांत ओलीने भरून गुलाबी व्हायचं. या पेटीत जुलैमध्ये पाच आठवडे निळं राहिलं. मला याहून मोठं प्रमाणपत्र नको.

तक्रारी आहेत. दोनपैकी एका पेटीला सांगूनही आतून पॉलिश मारलं. वास जाईपर्यंत पंधरा दिवस उघडी ठेवावी लागली. मे अखेरचा वायदा होता, पेट्या मिळाल्या मिरगात. आणि तळाला त्यांनी आपणहून थर्माकोल चिकटवला होता. तो मी खरवडून काढला. थर्माकोलजवळ डांबरगोळी ठेवली की तो विरघळतो आणि सगळ्याचा चिकट लगदा होतो. त्यांना हे कसं माहीत असणार? तुम्ही आधीच सांगा.

तिसरी पेटी जीवाश्मांसाठी केली. इथे जांभ्याखाली विहीर खणताना कधीकधी काळं पडलेलं लाकूड निघतं, मायोसीन काळातलं, म्हणजे सुमारे अर्धा ते सव्वादोन कोटी वर्षांपूर्वीचं. त्याची तऱ्हा भुंग्यांच्या उलट: फार सुकलं तर तडकतं, आणि आत पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) असेल तर दमट हवेत फुलून आम्ल सोडतं, लेबलंसुद्धा जाळतं. म्हणून वेगळी पेटी, कप्प्यांची. एक कप्पा मी रिकामा ठेवलाय. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची दगड झालेली विष्ठा सापडते. २००५ साली तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. शेणकिड्यांच्या माणसाला त्याहून जास्त काय हवं? अजून तिकडे जाणं झालेलं नाही.

ही पेटी घ्यायला गेले तर झाकणाच्या कोपऱ्यात, न मागता, लाल-पिवळ्या रंगात एक भुंगा काढलेला. सुरेख. पाय मोजले: आठ. मी काही बोलले नाही. ज्याला आपण मिरगाचा किडा म्हणतो त्या लाल मखमली जिवालाही आठच पाय असतात, तो कीटक नव्हेच, आणि तो टाचणीवर न लावता अल्कोहोलमध्ये ठेवतात. त्याच्या चार बाटल्या आता एका कप्प्यात आहेत.