नॅनोट्यूबमधला प्रकाश: एनईजीएफ की ड्रिफ्ट-डिफ्यूजन?

कार्बन नॅनोट्यूब ट्रान्झिस्टरमधून निघणाऱ्या प्रकाशाचं सिम्युलेशन करणाऱ्याला सहसा दोन पद्धतींतून एक निवडावी लागते: एनईजीएफ (नॉन-इक्विलिब्रियम ग्रीन्स फंक्शन), जी इलेक्ट्रॉनला क्वांटम लाट मानून गणित करते, किंवा ड्रिफ्ट-डिफ्यूजन, जी त्यांना क्षेत्रानं ओढला जाणारा आणि पसरणारा प्रवाह मानते. मी दोन्ही वापरून पाहिलंय.

कागदावर एनईजीएफचं पारडं जड, यात वाद नाही. धातू आणि ट्यूबच्या सांध्यावरच्या ऊर्जेच्या अडथळ्यातून (शॉटकी अडथळा) इलेक्ट्रॉनचं आरपार निसटणं, म्हणजे टनेलिंग, त्यात आपसूक येतं. ड्रिफ्ट-डिफ्यूजनमध्ये ते कॉन्टॅक्टपाशी वेगळं बसवावं लागतं. चॅनेल, म्हणजे दोन कॉन्टॅक्टमधला ट्यूबचा भाग, दहा-वीस नॅनोमीटरचा असेल तर मीही मुकाट्यानं एनईजीएफच घेईन.

माझं डोकं उठलं ते भलत्याच गोष्टीनं. ट्यूब एकमितीय, त्यामुळे प्रत्येक सबबँडच्या (इलेक्ट्रॉनला खुल्या ऊर्जा-पट्ट्याच्या) कडेला स्टेट्सच्या घनतेचा, म्हणजे त्या ऊर्जेला किती जागा आहेत त्याचा, अणकुचीदार सुळका असतो, व्हॅन होव्हचा. बॅलिस्टिक, म्हणजे वाटेत टक्कर नाहीच असं धरलेल्या, गणितात तो बोथट होत नाही. एनर्जी ग्रिडचा बिंदू नेमका त्यावर पडला की चार्ज फुगतो, जरा बाजूला पडला की आटतो. चार्जवरून पोटेन्शियल काढणाऱ्या पॉयसन समीकरणाच्या दर फेरीला पोटेन्शियल किंचित हलतं, सुळका सरकतो, चार्ज पुन्हा उडी मारतो, आणि कन्व्हर्जन्स नुसतं हेलकावे खात बसतं. ग्रिड बारीक करा, अडॅप्टिव्ह इंटिग्रेशन लावा. उपाय आहेत, पण प्रत्येकाची किंमत वेळेत मोजावी लागते.

एखाद-दुसऱ्या बायसपुरतं (लावलेल्या व्होल्टेजपुरतं) हे चालवूनही घेतलं असतं. पण अँबिपोलर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन एका टोकानं, होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) दुसऱ्या टोकानं येतात आणि भेटतात तिथे प्रकाशाचा ठिपका दिसतो. आयबीएमच्या गटानं 2003 मध्ये असं उत्सर्जन दाखवलं. लांब ट्यूबमध्ये गेट व्होल्टेजबरोबर ठिपका सरकतो हे 2004 मध्ये. ते सरकणं पकडायचं तर गेट व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी बदलत न्यावं लागतं, आणि दर पायरीला तीच रड. त्यात लांब चॅनेल म्हणजे फोनॉनही (अणूंची कंपनं, ज्यांच्यावर इलेक्ट्रॉन आदळतात) हवेत, म्हणजे आत आणखी एक लूप.

ड्रिफ्ट-डिफ्यूजन हाच स्वीप निमूट पुरा करतं. मोबिलिटी (वाहक किती सहज सरकतात) आणि रिकॉम्बिनेशनचा (इलेक्ट्रॉन-होल एकत्र मिटण्याचा) दर आपण बाहेरून देतो, हे खरं. म्हणून ठिपक्याच्या जागेवर मी बऱ्यापैकी विसंबतो, रुंदीवर नाही. ती बहुतेक आपण दिलेल्या दराचीच सावली असते.

एक्सायटॉन, म्हणजे एकमेकांना बांधलेल्या इलेक्ट्रॉन-होलच्या जोड्या, दोघांच्याही नेहमीच्या मांडणीत नसतात आणि त्यांची बंधन-ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टचे काही दशांश भरते. तेव्हा स्पेक्ट्रम हवा असेल तर तो हिशेब वेगळाच करावा लागेल. अधांतरी टांगलेल्या ट्यूबमध्ये एकाच जातीचे वाहक वेग घेऊन आघातानं एक्सायटॉन निर्माण करतात. तिथे मात्र माझ्या लाडक्या ड्रिफ्ट-डिफ्यूजनचा उपयोग नाही, एकेका वाहकाचा प्रवास यादृच्छिकपणे मोजणाऱ्या मॉन्टे कार्लोकडेच वळावं.