सहा रुपये फूट, पण कसला फूट?

लातुरात बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कुठल्याही घरातली न्हाणी बघा. नळाखाली पांढरी पुटं, बादलीच्या बुडाला कडं, आणि फरशीच्या फटी पिवळट-काळ्या. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा आमच्या गल्लीत ज्यानं त्यानं बोअर आणखी खाली नेला. आमचाही नेला. पाणी लागलं, पण असलं की त्यात डाळ शिजेना. त्या पाण्याची पुटं न्हाणीच्या भिंतींवर वर्षानुवर्षं साचत गेली आणि मला त्यांची सवय झाली होती. पाहुणे येणार म्हणलं की मात्र ती डोळ्यांत खुपायची.

महालक्ष्म्या बसायला आठ दिवस राहिले होते. दुपारी दोघं पोरं मोटारसायकलवरून आली. गळ्यात ओळखपत्र, हातात गोल ब्रशचं मशीन, मागं बांधलेले चार कॅन. "मावशी, फरशी, टाईल्स, जॉइंट सगळं नव्यासारखं करून देतो. सहा रुपये फूट. आधी बघा, मग सांगा." शेजारच्या काकूही आल्या. पोरानं न्हाणीतल्या एका टाईलवर कॅनमधलं पिवळसर पाणी ओतलं. फसफस फेस आला, नाकात झणझणलं. दोन मिनिटांनी त्यानं फडकं फिरवलं आणि टाईल अशी पांढरी की तिच्या शेजारच्या मला लाज आणायला लागल्या. आम्ही दोघी नाकाला पदर लावून कौतुकानं बघायलाव. त्या कॅनवर नाव नव्हतं, चिठ्ठी नव्हती, काहीच नव्हतं. माझ्या डोळ्यांना दिसत होतं ते. विचारलं मात्र नाही.

मी मनातल्या मनात हिशेब केला. बैठक 180 चौरस फूट, स्वयंपाकघर 100, न्हाणीची जमीन 35, न्हाणीच्या भिंती दार सोडून 150. सगळे मिळून 465. सहानं गुणलं तर 2,790. सणाच्या खर्चात बसण्यासारखं होतं. हो म्हणलं.

"वास येतो, तुम्ही बाहेरच बसा," म्हणून पोरांनी न्हाणीचं दार लोटून घेतलं. सासूबाईंना ठसका लागला तशा त्या अंगणात जाऊन बसल्या. तीन तासांनी दार उघडलं. शेवटी एकजण मगात कालवलेलं काहीतरी पांढरं स्पंजनं फटींत भरत होता. "हे काय?" विचारलं, तर "ग्राउट पॉलिश, मावशी. कंपनीचं." ग्राउट म्हणजे फटीत भरायचा मसाला. आत जाऊन बघितलं तर खरंच, वीस वर्षांची न्हाणी काल बांधल्यासारखी दिसत होती.

मग टेप निघाला. बिल ऐकून मला आधी वाटलं, माझ्याच कानात काही गडबड आहे. 7,830 रुपये.

"कामून? सहा रुपये फुटानं इतके कसे झाले?"

"जॉइंट साफ केलेत ना मावशी. जॉइंट रनिंग फुटातच मोजतात. आणि केमिकल वेगळं."

आता ही गंमत नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथंच आहे. रनिंग फूट म्हणजे फटीची नुसती लांबी. फूट-बाय-फूट टाईल असेल तर एका चौरस फुटात साधारण दोन फूट फट येते. म्हणजे बैठक आणि स्वयंपाकघराचे 280 चौरस फूट झाले 560. न्हाणीच्या जमिनीचे 35 झाले 70. भिंतीवरच्या टाईल्स आठ इंच बाय बारा इंच. तिथं चौरस फुटाला अडीच फूट फट पडते, म्हणजे 150 चे 375. बेरीज 1,005. सहानं गुणले की 6,030. वर चार कॅनचे साडेचारशेप्रमाणे 1,800. टाईल जितकी लहान, तितकं बिल मोठं. पोरगं गणितात कच्चं नव्हतं. आणि तो खोटंही बोलला नव्हता म्हणा. "फूट" एवढंच म्हणाला होता, "चौरस" हा शब्द मी माझ्या पदरचा घातला.

हे ड्यूटीवर, घरात मी आणि सासूबाई. माझा आणि त्या पोराचा आवाज चढत गेला, गल्लीतले बघायला लागले. शेवटी सात हजार रोख दिले. पावती मागितली तर एक कार्ड हातात ठेवलं. त्यावर नुसता मोबाईल नंबर आणि "क्लीनिंग सर्व्हिस". दुसऱ्या दिवसापासून तो नंबर बंद.

पैसे गेल्याचं दुःख महालक्ष्म्यांच्या गडबडीत मागं पडलं असतं. पण चौथ्या-पाचव्या दिवशी कामाच्या मावशी म्हणाल्या, "ताई, पोछ्याचं पाणी दुधासारखं यायलंय." बादलीत बघितलं तर खरंच पांढरं. कंपनीचं ग्राउट पॉलिश म्हणजे पातळ कालवलेलं व्हाईट सिमेंट होतं. वरवर फासलेलं, फटीत कुठंच न धरलेलं. चार वेळा फरशी पुसली की धुऊन निघालं आणि खालची खरी फट उघडी पडली. मी न्हाणीच्या कोपऱ्यातल्या फटीत करंगळीचं नख घातलं. सहज आत गेलं. नखाखाली वाळूसारखी कचकच आली.

नळाच्या चकाकत्या तोटीवर काळे ठिपके पडले होते, ते तेव्हा दिसले. मागच्या अंगणात जिथून ते पाणी वाहून गेलं होतं, तिथली शहाबादी फरशी पांढुरकी, खरखरीत झालेली. महिन्याभरानं न्हाणीच्या पलीकडच्या भिंतीला ओल आली आणि रंगाचे पोपडे सुटले.

आमच्या घराची फरशी ज्यांनी बसवली ते मिस्त्रीचाचा आता थकलेत, पण बोलावलं तर आले. उकिडवे बसले, खिशातला एक्सा ब्लेडचा तुकडा काढून फटीतून ओढला. भुकटी तळहातावर घेऊन मला दाखवली. म्हणाले, "बाई, हे धुतलं न्हाई, सोललंय."

कॅनमधलं ते पिवळसर पाणी अ‍ॅसिडच होतं. पुट म्हणजे पाण्यातला चुना, आणि फटीतलं सिमेंट म्हणजे तरी काय, त्यातही चुनाच. अ‍ॅसिडला या दोन्हींतला फरक कळत नाही, ते दोन्ही खातं. टाईलच्या चकाकीला लगेच काही होत नाही, म्हणून तर टाईल दोन मिनिटांत लखलखते आणि आपण भुलतो. शहाबादी दगड तर आख्खा चुनखडीचा. कोटा आणि संगमरवराचंही तेच. त्यांच्यावर अ‍ॅसिडचा थेंब पडला की फसफस दगडाचीच होते.

आणखी एक गोष्ट चाचांनी सांगितली ती ऐकून पोटात गोळा आला. पोरं गेल्यावर वास जावा म्हणून मी न्हाणीत ब्लीचिंग पावडर टाकायला निघाले होते. डबा रिकामा निघाला म्हणून टाकली नाही. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीत तो नाकात गेला असता तर सात हजारांचा विचार करायला मी जागेवर नसते.

चाचांच्या पोरानं दोन दिवस बसून पोकळ झालेल्या फटी खरवडल्या. न्हाणीच्या जमिनीत इपॉक्सी ग्राउट भरलं, भिंतींना आणि बैठकीत साधं. इपॉक्सी महाग, पण ते पाणी पीत नाही आणि त्याला असला डाग धरत नाही. मजुरी-सामान मिळून आणखी 5,200 गेले. म्हणजे फुकटात बसलेल्या मळाचे बारा हजार झाले.

चाचांनी सांगितल्यावर आता मी काय करते, तेही लिहिते, कारण काकूंनी तीनदा विचारलंय. स्वयंपाकघरातल्या काळ्या फटी तेलकट असतात, तिथं आंबट काही चालत नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवून फटींवर ओतायचं, पंधरा मिनिटं सोडायचं, नायलॉनच्या ब्रशनं घासायचं, भरपूर पाण्यानं धुवायचं. हातात रबरी मोजे हवेत, सोड्यानं कातडी उलते. तारेची घासणी नको, टाईलवर चरे पडतात आणि त्यातच पुढं मळ बसतो. न्हाणीतल्या पांढऱ्या पुटांना लिंबूसत, पाण्यात पातळ करून. पण आधी फटी साध्या पाण्यानं चिंब भिजवायच्या, म्हणजे आंबट पाणी आत मुरत नाही. मग ते टाईलवरच लावून पाच-दहा मिनिटांत धुऊन टाकायचं. शहाबादीवर तेही नाही. एका दिवसात नव्यासारखं होत नाही. तीन रविवार लागले मला, आणि एका कोपऱ्यातलं पुट अजून आहे.

मशीनवाले सगळेच चोर असतात असं नाही. नांदेडला माझ्या भावजयीनं करून घेतलं, चांगलं झालं. तिनं कामाआधी कागदावर चौरस फुटाचा दर लिहून घेतला, सामान त्यातच धरलं, आणि दाराआडच्या एका टाईलवर करून बघायला लावून दोन दिवस वाट बघितली. दोन दिवस, हे महत्त्वाचं. खरंच साफ झालेली ओली फट आणि वरून फासलेलं ताजं व्हाईट सिमेंट सारखंच दिसतं. वाळल्यावर बोट फिरवलं की कळतं. कॅनवरचं नाव तिनं वाचून घेतलं होतं. माझ्याकडं आलेल्या पोरांच्या कॅनवर वाचायलाच काही नव्हतं.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार करावी म्हणून मीही फोन हातात घेतला होता. पण सांगणार काय? नाव नाही, दुकान नाही, पावती नाही, पैसे रोख. गाडीचा नंबरसुद्धा बघितला नव्हता. फोन खाली ठेवला.

शहाबादी फरशी बदलली नाही. सासूबाईंनी तुळशीची कुंडी त्या डागावर सरकवलीय. डाग कुंडीपेक्षा मोठा आहे, वीतभर बाहेर दिसतो. कुणी विचारलं की त्या सांगतात, "ते आमच्या सूनबाईचं पॉलिश."