इंग्लंडमधल्या रेडिंगजवळचा आमचा रग्बी क्लब, कोव्हिडच्या वर्षाचा रिव्ह्यू: ५ पैकी ४ स्टार

आधीच सांगते, क्लबचं नाव इथे टाकणार नाहीये. एक तर खाली तक्रारी आहेत, आणि दुसरं म्हणजे मुलाचा कोच आमच्याच रस्त्यावर राहतो, दर मंगळवारी कचऱ्याचा बिन बाहेर काढताना तोंडावर येतो. ज्यांना खरंच मुलांना घालायचंय त्यांनी पर्सनल मेसेज करा, सांगते. बरेच जण विचारत होते की अगं कोव्हिडमध्ये रग्बी? अंगावर अंग घालायचा खेळ? म्हणून म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकू.

मी सांगलीची. शाळेत खो-खो खेळलेली, घरात काका कबड्डीवाले, त्यामुळे पोरगं मातीत लोळून आलं तर मला काही वाटत नाही, पण रग्बी मला इथे येईपर्यंत माहीतच नव्हता. मुलगा सहा वर्षांचा असताना शाळेतल्या मित्राच्या मागे लागून गेला. इथे अंडर सेव्हन आणि अंडर एटची मुलं फक्त टॅग खेळतात, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला दोन रिबिनी चिकटवलेल्या, समोरच्याने एक ओढली की टॅकल झाला असं धरायचं. खरा टॅकल, म्हणजे धरून खाली पाडायचं, ते अंडर नाइनला पहिल्यांदा. दोन वर्षं हा त्याचीच वाट बघत होता. आणि त्याचं अंडर नाइनचं वर्ष कुठलं आलं, तर सप्टेंबर २०२०! त्याची तेव्हाची चिडचिड तुम्हीच इमॅजिन करा.

तर व्यवस्था कशी होती ते सांगते. इंग्लंडच्या रग्बी युनियनने परत खेळायला येण्याचे ए ते एफ असे टप्पे काढले होते. ए मध्ये एकट्याने व्यायाम, बी मध्ये सहा-सहा जण आणि तेही अंतर ठेवून, असं करत करत एफ ला नेहमीचा पूर्ण खेळ. मधल्या काळासाठी रेडी फॉर रग्बी नावाचा एक टॅकल नसलेला प्रकार आणला, नुसता टच करायचा, स्क्रम नाही, मॉल (म्हणजे बॉलवाल्याला उभ्या उभ्या धरून सगळ्यांनी रेटायचं) नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्क्रम म्हणजे मोठ्यांच्या खेळात दोन्हीकडचे आठ-आठ जण डोकी एकमेकांत अडकवून बैलांसारखे रेटतात, सोळा तोंडं एकमेकांसमोर, सगळे धापा टाकतायत. विषाणूला आणखी काय पाहिजे? (मग मला वाटलं आपली कबड्डी तर याच्याही पुढची, अख्खा वेळ समोरच्याच्या तोंडावर कबड्डी कबड्डी करायचं. असो.) मोठ्यांच्या लीग त्या सीझनला रद्दच झाल्या. आमच्या क्लबने लहान मुलांसाठी ठरवलं की पानगळीच्या सीझनमध्ये टॅकल अजिबात नको, नुसतं पळणं, पास आणि टच. बरेच पालक कुरकुरले. मी पण.

आता कागदावर हे सगळे टप्पे छान दिसतात, पण रविवारी सकाळी साडेनऊला चिखलात साठ मुलं आणि नव्वद पालक आले की खरी परीक्षा. आणि इथे आमच्या क्लबला मी पैकीच्या पैकी देते ते एकाच माणसामुळे. क्लबची कोव्हिड ऑफिसर. सत्तरीच्या पुढची बाई, नातवंडं कधीकाळी इथे खेळलेली, गेटवर फोल्डिंग खुर्ची टाकून बसायची, मांडीवर क्लिपबोर्ड आणि पाय थर्मासवर टेकलेले. आम्ही मराठी-गुजराती आया तिला आपसात आजीच म्हणायचो. आदल्या दिवशी ऑनलाईन फॉर्म भरायचा, ताप नाही, खोकला नाही, घरात कुणी पॉझिटिव्ह नाही. गेटवर आजी नाव टिक करणार, मूल कुठल्या गटात ते बघणार, मगच आत. गट ठरलेले, दहा-दहाचे, कोच ठरलेला, मैदानाचा कोपरा पण ठरलेला. माझ्या मित्राच्या गटात जायचंय वगैरे चालायचं नाही. मुलं घरूनच किट घालून येणार कारण चेंजिंग रूमला कुलूप. एका मुलामागे एकच पालक, आणि तोही टचलाईनच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेघेच्या मागे.

सप्टेंबरचा शेवटचा रविवार असेल. मुलाला रात्रीपासून थोडं सर्दीसारखं होतं. मी फॉर्मवर सगळीकडे नो ठोकलं, कारण सर्दी त्या लिस्टमध्ये नव्हतीच ना, ताप खोकला आणि वास जाणं एवढंच होतं, त्यामुळे टेक्निकली मी खोटं बोलले नाही असं मी स्वतःला सांगितलं. गेटवर आलो आणि यानं दोन सणसणीत शिंका दिल्या आणि नाक जर्सीच्या बाहीला पुसलं. आजीने पेन तिथेच थांबवलं. माझ्याकडे बघितलंच नाही, सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली, "आज नको बाळा, पुढच्या रविवारी तुझी जागा आहे." मी म्हटलं नुसती सर्दी आहे हो, शाळेत सगळ्यांनाच झालीय. ती म्हणे, असेल, बहुतेक तेच असेल. आणि मागच्या मुलाचं नाव विचारायला लागली. झालं! पोरगं गाडीत घरापर्यंत रडलं, रात्री किट घालूनच झोपला होता हो तो. मी घरी येऊन तीन पानी ईमेल लिहिला. पाठवला नाही हे माझं नशीब. सर्दीच निघाली ती शेवटी, पण ते महत्त्वाचं नाही.

कारण ऑक्टोबरमध्ये त्याच्याच गटातला एक मुलगा पॉझिटिव्ह आला. बुधवारी संध्याकाळी सात वाजता रिझल्ट, आठला आम्हाला फोन. ईमेल नाही, ग्रुपवर मोघम मेसेज नाही, फोन. कुठल्या रविवारी, कुठल्या गटात, कोण कोच होता, सगळं तिच्या त्या चिखल लागलेल्या कागदावर होतं. आमच्या गटातली मुलं घरात बसली, तेव्हा १४ दिवसांचा नियम होता, आणि बाकीची पन्नास मुलं पुढच्या रविवारी नेहमीसारखी खेळली. आमच्या गटात पुढे कुणालाच झाला नाही. त्याच सुमारास दुसऱ्या एका खेळाच्या क्लासमध्ये, तोही इथे निनावीच राहू दे, असंच झालं तर कोण कधी आलं होतं याचा पत्ताच नव्हता, सगळाच क्लास दोन आठवडे बंद. तेव्हा मला तो तीन पानी ड्राफ्ट आठवला आणि मी तो डिलीट केला.

बॉल पुसण्याचं मात्र नाटक होतं असं माझं स्पष्ट मत. दर पंधरा मिनिटांनी शिट्टी, सगळे बॉल गोळा, एक बाबा बादलीत जंतुनाशक घेऊन पुसत बसणार, मग ते बॉल इतके बुळबुळीत की पुढचे दहा पास खाली. आणि त्याच वेळी तिकडे मुलं काय करतायत? माझ्या डोळ्यांसमोर एका पोराचं गमशील्ड (दातांवर बसवायचं संरक्षक कव्हर) तोंडातून निसटून चिखलात पडलं, त्यानं ते उचललं, चड्डीला पुसलं, मित्राला दाखवलं, मित्रानं हातात घेऊन बघितलं, आणि मग ते परत तोंडात! बॉल पुसून काय उपयोग होता सांगा. नंतर वाचनात आलं की रग्बी लीगवाल्यांच्या (हा रग्बीचाच दुसरा प्रकार) सुपर लीगमध्ये २०२० साली चार मॅचमध्ये मिळून आठ खेळाडू कोव्हिड असताना खेळून गेले होते, संशोधकांनी नंतर मॅचचे व्हिडिओ आणि जीपीएस बघून कोण कुणाच्या किती जवळ आला ते काढलं, तर मैदानात पसरल्याचं फारसं काही सापडलं नाही, संशय गेला तो एकत्र गाडीतून जाणं, बाहेर भेटणं असल्या गोष्टींवर. म्हणजे आमच्या क्लबचा खरा वीक पॉइंट बॉल नव्हताच, कारपार्क होता. टचलाईनवर दोन-दोन मीटर लांब उभे राहणारे पालक सेशन संपलं की गाड्यांच्या मध्ये घोळका करून अर्धा तास गप्पा मारायचे, आणि आजीची खुर्ची गेटच्या आत असल्यामुळे तिला ते दिसायचं नाही. मी पण त्या घोळक्यात होते, कशाला लपवू.

टॉयलेट हा दुसरा मुद्दा. क्लबहाउस बंद म्हणून सुरुवातीला टॉयलेटपण बंद. आठ वर्षांची मुलं, थंडी, दीड तास. कुंपणापलीकडच्या झुडपांचं काय झालं असेल ते लिहीत नाही. मुलींच्या आयांनी आवाज उठवल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक उघडलं. याचे मार्क कापले.

आणि फी. सीझनचे ११० पौंड भरले होते. नोव्हेंबरमध्ये लॉकडाऊन लागला, डिसेंबरमध्ये कसेबसे दोन रविवार मिळाले, जानेवारीपासून परत सगळं बंद. परतावा शून्य, पुढच्या वर्षीच्या फीमध्ये ३० पौंड कमी करू म्हणाले. बार बंद, बेकन रोलची खिडकी बंद, म्हणजे त्यांचंही उत्पन्न गेलं हे समजतं मला, पण ते आधी सांगायला काय झालं होतं? मार्चपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. खेळाबद्दल इतकं चोख कळवणारे लोक पैशाबद्दल एकदम मुके होतात ही गंमत आहे.

लॉकडाऊनमध्ये झूमवर ट्रेनिंग ठेवलं होतं, सोफ्याच्या उशा घेऊन बर्पी वगैरे. त्याबद्दल एवढंच, की आमचा दिवा फुटला. ६ फेब्रुवारी २०२१ ला मात्र घरात बसून लंडनच्या ट्विकनहॅम स्टेडियमची इंग्लंड-स्कॉटलंड मॅच बघितली, रिकामं स्टेडियम, आणि स्कॉटलंडने ११-६ नी जिंकली, तिथे १९८३ नंतर पहिल्यांदा. त्या मॅचचा जो कप आहे तो कलकत्त्याच्या रग्बी क्लबने बंद होताना उरलेले चांदीचे रुपये वितळवून केलेला, हँडलला नाग आणि झाकणावर हत्ती. मुलाला हे सांगितल्यापासून तो शाळेत सांगत फिरतो की हा कप आमचा आहे.

२९ मार्चला बाहेरचे खेळ परत सुरू झाले, मग ईस्टर आला, आमचा पहिला रविवार ११ एप्रिल. सलून दुसऱ्या दिवशी उघडणार होते त्यामुळे सगळी पोरं झिपरी, डोळ्यांवर केस, कोणाचं कोण ओळखू येईना, आजी प्रत्येकाला केस बाजूला करून तोंड दाखव म्हणत होती. तीच खुर्ची, तोच क्लिपबोर्ड. आत काय बदल होता तर क्यूआर कोड लावलेला आणि टॉयलेट उघडं.

एप्रिलच्या शेवटी शेवटी टॅकलची प्रॅक्टिस सुरू झाली. हे दिवस तुम्हाला सगळ्यांना आठवत असतील, इथे पबच्या बागा भरलेल्या आणि तिकडे आपल्याकडे दुसरी लाट, २३ तारखेला इंडिया ब्रिटनच्या प्रवासबंदीच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे जायचं तर परतीचे वांधे. मी टचलाईनवर उभी, एका हातात चहा, दुसऱ्या हातात फोन, फॅमिली ग्रुपवर सांगली-मिरजेत कुठे बेड मिळेल याचे मेसेज. काका घरातच मागच्या खोलीत होते, ऑक्सिमीटरचे आकडे दर चार तासांनी ग्रुपवर. आणि समोर कोच गुडघ्यावर बसून मुलांना सांगतोय की खांदा लावायचा, डोकं मागच्या बाजूला ठेवायचं, गाल समोरच्याच्या कुल्ल्याला चिकटला पाहिजे. हे ऐकून पोरं हसून हसून लोळली, पाच मिनिटं वाया. प्रत्येकाला एकच ठरलेला जोडीदार, सहा-सात टॅकल की ब्रेक. माझ्याने पहिले दोन चुकवले, तिसऱ्याला पळत आलेल्या मुलाला मांडीपाशी मिठी मारली आणि दोघं धप्पकन खाली, आणि उठला तो डोळ्यांत चिखल आणि दात दाखवत. मी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. बेडच्या मेसेजमध्ये असं काही टाकावं का असा विचार आला, पण टाकला. संध्याकाळी काकांचं उत्तर, ९३ च्या आकड्याखाली, "उशिरा वाकला. घोटा धर म्हणावं." काका आता बरे आहेत, गच्चीवर चालतात.

हे लिहिलं तेव्हा २१ जून २०२१ ला सगळे नियम उठणार होते ते चार आठवडे पुढे गेले होते, त्यामुळे सप्टेंबरला नक्की काय असेल ते माहीत नव्हतं. पण आजी येणार असं कळलं होतं. ज्यांना यायचंय त्यांनी गमशील्ड दोन घ्या, गरम पाण्यात घालून दाताला बसवायचं असतं ते, आणि डबीवर नाव टाका. सर्दी असेल तर सरळ घरी थांबा, गेटवर वाद घालून फायदा नाही, मी करून बघितलंय. आणि गाडी घेऊन सव्वानऊच्या आत पोचा, त्यानंतर मागच्या गवतावर लावावी लागते. आमची दोनदा रुतली, ढकलायला अंडर फिफ्टीन्सची मुलं आली होती, टचलाईनवरूनच विचारलं, अंतर ठेवून ढकलायचं का?