चौदा तिकिटांतले बेट : ट्रिस्टन दा कुन्याचा एक तिकीटसंग्रह

माझे वडील नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये नोकरीला होते. तिकीट हातात आले की आधी ते उजेडाकडे तिरपे धरून छपाई पाहायची आणि मगच चित्राकडे वळायचे, ही सवय त्यांनी आम्हा भावंडांना लावली. १९२५ पासून देशाची तिकिटे आमच्या या गावात छापली जातात. स्वतंत्र भारताचे २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघालेले पहिले तिकीटही इथलेच. त्यामुळे परदेशी तिकिटांचा संग्रह विकत घेताना माझी नजर जरा कडक असते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. गेल्या महिन्यात नाशिकमधल्या एका विक्रेत्याकडून मी ट्रिस्टन दा कुन्या या बेटाच्या तिकिटांचा अल्बम नऊ हजार रुपयांना घेतला. त्यात १९५४ चा चौदा तिकिटांचा पूर्ण संच, १९५२ आणि १९६३ ची काही ओव्हरप्रिंट (आधीच्या तिकिटांवर नवा मजकूर छापलेली) तिकिटे, अलीकडची वीस-बावीस सुटी तिकिटे आणि एक टपालातून गेलेले कव्हर, म्हणजे पत्राचे पाकीट, एवढा ऐवज आहे.

ब्रिटनच्या ताब्यातले हे बेट दक्षिण अटलांटिक महासागरात आहे. जवळची वस्ती म्हणजे सेंट हेलेना, आणि तेही सुमारे २,४०० किलोमीटरवर. विमानतळ नाही. केपटाउनहून निघालेल्या बोटीला सुमारे २,८०० किलोमीटर कापायला आठवडाभर लागतो आणि अशा फेऱ्या वर्षातून मोजक्याच होतात. सगळी लोकसंख्या अडीचशेच्या आत, आणि ती ‘एडिंबरो ऑफ द सेव्हन सीज’ नावाच्या एकाच गावात राहते. नाशिकच्या एखाद्या मध्यम सोसायटीत याहून अधिक माणसे असतील. एवढ्याशा गावाने स्वतःची तिकिटे काढावीत आणि त्यांवर कोणाकोणाची चित्रे घ्यावीत, या कुतूहलापोटीच मी हा अल्बम घेतला.

पैसे वसूल होतात ते १९५४ च्या संचात. तो लंडनच्या डी ला रू छापखान्यात धातूच्या कोरीव पाट्यांवरून छापलेला आहे. नाशिकचा प्रेस सुरू होण्यापूर्वी हिंदुस्थानची तिकिटे याच छापखान्यातून येत असत, म्हणून हा हात मला ओळखीचा वाटतो. कोरीव छपाईत शाई कागदावर किंचित उंच बसते. तिकीट चिमट्यात धरून भिंगाखाली तिरपे केले की ती जाणवते. पण छपाईपेक्षाही मोलाची आहे ती विषयांची निवड. अर्ध्या पेनीवर बेटाच्या किनाऱ्यावर मिळणारा मोठा शेवंड (लॉबस्टर) आहे. एका पेनीवर घरे शाकारण्यासाठी फ्लॅक्स नावाच्या वनस्पतीची पाती गाडीतून वाहून नेली जात आहेत. दीड पेनीवर पेंग्विन, अडीच पेनीवर पिवळ्या चोचीचा अल्बॅट्रॉस हा समुद्रपक्षी, तीन पेनीवर बेटाची लांब होडी, पाच पेनीवर गाढवांवर बसलेल्या मुली, एका शिलिंगावर गावातले सेंट मेरी चर्च आणि सर्वांत महाग, दहा शिलिंगांच्या तिकिटावर सूत कातायचा चरखा. ब्रिटनच्या राणीचा चेहरा प्रत्येक तिकिटावर आहे, पण कोपऱ्यात. मधली जागा घरात, अंगणात आणि किनाऱ्यावर रोज दिसणाऱ्या गोष्टींना मिळाली आहे.

होडीच्या तिकिटापाशी मी पुनःपुन्हा थांबतो. बेटावर इमारती लाकूड दुर्मीळ, म्हणून तिथली होडी लाकडाच्या हलक्या सांगाड्यावर कॅनव्हास ताणून आणि त्यावर रंगाचे हात देऊन बनवत. अशा कापडी होडीतून शिडे उभारून लोक उघड्या समुद्रावरून नाइटिंगेल बेटापर्यंत जात. ती एकट्याने हाकायची वस्तू नव्हे. बांधायला, ओढायला आणि वल्हवायला अनेक हात लागत. म्हणूनच २००२ मध्ये बेटाला स्वतःचा ध्वज आणि मानचिन्ह मिळाले तेव्हा माथ्यावर ही होडी आली, ढालीवर अल्बॅट्रॉस आले आणि ढाल दोन्ही बाजूंनी तोलून धरायला सिंह-घोड्यांऐवजी दोन शेवंड उभे राहिले. खाली ब्रीद आहे : ‘आमची श्रद्धा हेच आमचे बळ’. ज्या शेवंडाच्या जिवावर गावाची चूल पेटते त्यालाच मानचिन्हात उभे करण्याचा हा सरळपणा मला फार आवडला. अलीकडच्या तिकिटांपैकी मानचिन्हाचे तिकीट १९५४ च्या संचाशेजारी ठेवले की लक्षात येते, ही चिन्हे कोणी कचेरीत बसून ठरवलेली नाहीत. अठ्ठेचाळीस वर्षे आधीच ती तिकिटांवर येऊन बसली होती.

दोन पेनीच्या तिकिटावर ‘बिग बीच’वरील शेवंड डबाबंद करण्याचा कारखाना आहे. तो आज नाही. ऑक्टोबर १९६१ मध्ये गावाला लागूनच ज्वालामुखी फुटला, लाव्हाने कारखाना आणि होड्या लावायचा किनारा गिळला आणि सगळ्या गावाला इंग्लंडला हलवावे लागले. तिथे नोकऱ्या होत्या, दुकाने होती, दिवे होते. तरीही मतदान झाले तेव्हा १४८ जणांनी परत जाण्याच्या बाजूने मत दिले, विरोधात फक्त ५. १९६३ मध्ये लोक परतले आणि सेंट हेलेनाच्या तिकिटांवर ‘पुनर्वसन १९६३’ अशा अर्थाचा छाप मारून ती बेटावर वापरली गेली. अल्बममध्ये ही तिकिटे त्या कारखान्याच्या तिकिटानंतर लगेच लावलेली आहेत. मांडणी करणाऱ्याला विषय कळलेला आहे, याची ही खूण.

आता तक्रारी. विक्रेत्याने अल्बमच्या शेवटच्या पानावर ‘ट्रिस्टन रिलीफ’ छापाची चार तिकिटे लावली होती आणि त्यांच्याविषयी तोंडी फक्त ‘दुर्मीळ’ एवढेच सांगितले. ही तिकिटे १९६१ च्या स्थलांतरावेळी सेंट हेलेनात मदतनिधीसाठी निघाली आणि आठवड्याभरात मागे घेतली गेली. विकले गेले फक्त ४३४ संच. असा संच नऊ हजारांच्या अल्बममध्ये फुकट येणार नाही, हे उघड आहे. भिंगाखाली छापाची शाई आजच्या प्रिंटरच्या ठिपक्यांची निघाली. प्रतिकृती असेल तर तसे पानावर लिहायला हवे होते; नवख्या संग्राहकाची यात सहज फसगत होईल. दुसरे म्हणजे, तिकिटे मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटांत ठेवली होती. नाशिकच्या पावसाळी दमट हवेत अशा पाकिटांत डिंक चिकटतो आणि कागदावर तांबूस ठिपके पडतात. नऊ पेनीच्या तिकिटावर ते पडायला लागलेही आहेत.

अल्बमसोबतची माहितीची पत्रकेही तोकडी आहेत. १८१७ साली विल्यम ग्लास आणि त्याच्या सोबत्यांनी इथे वस्ती करताना सर्वांना समान मानले जावे, कोणी कोणाच्या वरचढ नसावे, असा लेखी करार केला होता. आजही जमीन सामाईक आहे आणि कोणा एकाकडे फार संपत्ती साठू नये म्हणून जनावरांच्या संख्येवर मर्यादा आहे. याची एक ओळही पत्रकात नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री तिथले तरुण भयंकर मुखवटे घालून ‘ओकालोली’ होतात आणि गावभर हिंडतात, त्याचाही उल्लेख नाही. धुळवडीला जुन्या नाशकात वीर नाचवताना पाहिलेल्या माणसाला ही प्रथा वाचताच आपली वाटली असती.

बटाट्याच्या तिकिटाची मात्र छायाप्रत दिली आहे, आणि ती दिल्याबद्दल आभार मानावेत अशी आहे. बेटावर पूर्वी नाण्यांचा व्यवहार जवळजवळ नव्हताच. बटाटा हेच मुख्य पीक आणि तेच चलन. तिकिटे मिळावीत म्हणून १९४६ मध्ये केलेल्या मागणीसोबत नमुन्याचे एक तिकीट तयार झाले, त्यावर पेंग्विन होता आणि किंमत दोन प्रकारे छापली होती : एक पेनी किंवा चार बटाटे. तिकीट मंजूर झाले नाही. अधिकृत तिकिटे आली ती १९५२ मध्ये, सेंट हेलेनाच्या तिकिटांवर बेटाचे नाव छापून. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याला चार बटाट्यांत पत्र पाठवणाऱ्या गावाविषयी विशेष जवळीक वाटते, आणि ती प्रत मी अल्बमच्या पहिल्या पानावर हलवली आहे.

टपालातून गेलेले कव्हर स्वच्छ आहे, शिक्का पूर्ण उमटलेला. ते २००५ नंतरचे असल्याने त्यावर बेटाचा टपाल संकेतांकही आहे. तो मिळण्यापूर्वी ‘एडिंबरो’ हे नाव वाचून पत्रे स्कॉटलंडला जाण्याचा घोटाळा होत असे.

घ्यायचे असेल तर विक्रेत्याकडे १९५४ चा संच आणि १९६३ ची ओव्हरप्रिंट तिकिटे सुटी मागावीत. त्यांवर केलेला खर्च मला योग्य वाटतो. अलीकडच्या सुट्या तिकिटांत मानचिन्हाचे तिकीट सोडून बाकीची राजघराण्यातल्या समारंभांची आहेत, ती कोणत्याही ब्रिटिश वसाहतीच्या अल्बममध्ये सापडतील. ‘रिलीफ’ची चार तिकिटे मी परत नेऊन दिली. विक्रेत्याने वाद न घालता बाराशे रुपये परत केले आणि माझ्यासमोरच त्या पाकिटावर पेनाने ‘प्रतिकृती’ असे लिहिले.